तुमचे प्रश्न : मिनिस्टरला मेल केला, उत्तरच नाही

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले की कॅनडातल्या आपल्या ओंटारियो प्रांताच्या सरकारचं ते कल्चर, हेरिटेज, टुरिझम, स्पोर्टवालं खातं आहे ना, त्याबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि आता इनबॉक्स उघडायची भीती वाटायला लागलीय. निम्म्या पत्रांची सुरुवात एकच, "ताई, आम्ही थेट मिनिस्टरला मेल केला होता पण..." अहो पण मिनिस्टरला का! तुमच्या घराच्या खिडक्या, तुमच्या मुलाचा हॉकीचा फॉर्म, तुमच्या मंडळाचं नाटक, यातलं काहीही मिनिस्टरच्या टेबलावर जात नाही. कुठे जातं ते खाली सांगते. मी सरकारी माणूस नाही हं, आमच्या गावच्या हेरिटेज कमिटीवर काही वर्षं फुकट काम केलं, तिथे कळलं ते आणि बाकी वाचून.

प्रश्न : मुलाला शाळेत प्रोजेक्ट आहे, प्रांताचं कल्चर आणि स्पोर्ट बघणारं मंत्रालय. तीन ठिकाणी शोधलं तर तीन वेगळी नावं मिळाली. टीचर म्हणते एकच लिही. कुठलं बरोबर? (ब्रॅम्प्टन)

तिन्ही बरोबर असणार, आपापल्या वेळेला. २०११ मध्ये त्याचं नाव टुरिझम, कल्चर अँड स्पोर्ट झालं. ऑक्टोबर २०१९ मध्ये तेच हेरिटेज, स्पोर्ट, टुरिझम अँड कल्चर इंडस्ट्रीज, एका दमात म्हणून दाखवा. २०२२ च्या निवडणुकीनंतर परत जुनं नाव आलं, पण त्याच वेळी एक बदल झाला जो फार कुणाच्या लक्षातच आला नाही, जुन्या वास्तू आणि आर्किऑलॉजी हे सगळं उचलून सिटिझनशिप अँड मल्टिकल्चरॅलिझम खात्याकडे दिलं. मग जून २०२४ मध्ये स्पोर्टचं वेगळं खातं निघालं, ते नील लम्सडेन यांच्याकडे, हे स्वतः कॅनेडियन फुटबॉल खेळलेले, आणि उरलं त्याचं झालं टुरिझम, कल्चर अँड गेमिंग, ते स्टॅन चो यांच्याकडे. गेमिंग म्हणजे व्हिडिओ गेम नाही, लॉटरी आणि कसिनो, मुलाला सांगा नाहीतर पोस्टरवर प्लेस्टेशन काढेल.

हे असं पटापट बदलता येतं कारण खात्यांची वाटणी प्रीमियर (म्हणजे प्रांताचा मुख्यमंत्री) करतो, त्याला विधिमंडळात नवा कायदा आणावा लागत नाही. पाट्या बदलतात, खाली काम करणारे लोक बहुतेक तेच राहतात. खरं तर मंत्रालय स्वतःहून फार कमी गोष्टी चालवतं. रॉयल ओंटारियो म्युझियम, क्लाइनबर्गची मॅकमायकल आर्ट गॅलरी, सडबरीचं सायन्स नॉर्थ, नायगरा पार्क्स, ओंटारियो आर्ट्स कौन्सिल, किंग्स्टनचा फोर्ट हेन्री चालवणारं सेंट लॉरेन्स पार्क्स कमिशन, या सगळ्यांना आपापलं बोर्ड आहे, आपापला सीईओ आहे. मंत्रालय बोर्डावर माणसं नेमतं, पैसे देतं (सगळ्यांना नाही, ते पुढे येतंय) आणि हिशोब मागतं. प्रोजेक्टमध्ये हे झाडासारखं काढा, आणि प्रत्येक नावापुढे साल लिहा, टीचरही खूश.

प्रश्न : आम्ही २०२१ मध्ये शंभर वर्षांहून जुनं विटांचं घर घेतलं. खिडक्या लाकडी, थंडीत वारा आत येतो. बदलायला कोटेशन घेतलं तर शेजारी म्हणाले घर हेरिटेज लिस्टवर आहे, खिळा मारायला पण सरकारची परमिशन लागते. रिअल्टर काही बोलला नव्हता. मंत्रालयाला तीन मेल केले. इन्शुरन्स वाढेल का, घर विकताना भाव पडेल का, रात्रीची झोप गेलीय. (हॅमिल्टन)

झोप येऊ द्या आधी. शेजाऱ्यांचं खिळ्याचं जे आहे ते मी किमान पन्नास वेळा ऐकलंय आणि दर वेळी सांगणाऱ्याने दुसऱ्याकडून ऐकलेलं असतं.

ओंटारियो हेरिटेज ॲक्ट १९७५ चा आहे आणि त्याची खरी ताकद मंत्र्याकडे नाही, तुमच्या सिटी कौन्सिलकडे आहे. म्हणून मेल नको, सिटी क्लार्कच्या ऑफिसला किंवा हेरिटेज प्लॅनरला फोन करा आणि एवढंच विचारा, माझं घर लिस्टेड आहे की डेझिग्नेटेड? या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि लोक दोन्हीला "हेरिटेज" म्हणून मोकळे होतात.

लिस्टेड असेल तर नुसती नोंद आहे, कौन्सिलला वाटतं की या घरात काहीतरी जपण्यासारखं असू शकतं. तुमच्यावर बंधन एकच, घर पाडायचं असेल तर ६० दिवस आधी लेखी कळवायचं. खिडक्या खुशाल बदला, एरवी कुठल्याही घराला बिल्डिंग परमिट लागतं तिथे लागेल, बास.

डेझिग्नेटेड असेल तर गोष्ट वेगळी. मग तुमच्या घराच्या नावाने कौन्सिलचा एक बायलॉ (म्हणजे स्थानिक कायदा) आहे आणि तो घराच्या टायटलवर नोंदलेला असतो, म्हणजे घर घेताना तुमच्या वकिलाने बघायला हवा होता (रिअल्टरपेक्षा त्याच्यावर रागवा). तो बायलॉ मागून घ्या आणि वाचा, बहुतेक वेळा दोन-चार पानांचा असतो. त्यात घराच्या कुठल्या गोष्टी महत्त्वाच्या ते लिहिलेलं असतं, विटांची नक्षी, व्हरांडा, पुढच्या खिडक्या, जे असेल ते. जे लिहिलंय त्याला धक्का लावायचा असेल तर परवानगी, आणि अर्ज पूर्ण मिळाल्यापासून कौन्सिलने ९० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. छोट्या कामांचा निर्णय बऱ्याच गावांत कर्मचारीच देऊन टाकतात. जे लिहिलेलं नाही, स्वयंपाकघर, बाथरूम, बेसमेंट, ते तुमचं तुम्ही बघा. तिसरा प्रकार म्हणजे अख्खी गल्लीच हेरिटेज डिस्ट्रिक्ट असते, तिथे त्या डिस्ट्रिक्टच्या प्लॅनमध्ये नियम असतात, मुख्यतः रस्त्यावरून दिसणाऱ्या बाजूचे.

आमच्या कमिटीपुढे एकदा एक जोडपं आलं होतं, पुढच्या सगळ्या खिडक्या काढून व्हिनाइलच्या बसवून झाल्यावर परवानगी मागायला. बायलॉमध्ये पहिल्याच ओळीत खिडक्या. वाईट वाटलं मला, पण करणार काय, एकदा काढलेली शंभर वर्षांची लाकडी चौकट डंपस्टरमधून कोण परत आणणार. आधी विचारलं असतं तर प्लॅनरने सांगितलंच असतं की जुन्या खिडक्या दुरुस्त करून बाहेरून स्टॉर्म विंडो (वरून बसवायची जादा खिडकी) लावा, वारा थांबतो, खर्चही पुष्कळदा कमी येतो. जुनं लाकूड आजच्या लाकडापेक्षा चिवट असतं, उगीच नाही एवढी वर्षं टिकलं. घर लिस्टेड निघालं तरी हा पर्याय बघा, मी तर म्हणेन बघाच.

आता एक तारीख लक्षात ठेवा. २०२२ च्या बिल २३ या प्रांताच्या कायद्याने असा नियम आणला की कौन्सिलने घर नुसतं लिस्टवर घालून वर्षानुवर्षं ठेवायचं नाही, ठराविक मुदतीत डेझिग्नेट करा नाहीतर लिस्टवरून काढा, आणि एकदा काढलं की पाच वर्षं परत घालता येणार नाही. जुन्या लिस्टवरच्या घरांना आधी १ जानेवारी २०२५ ची मुदत होती, ती वाढून १ जानेवारी २०२७ झाली. सगळ्या गावांत त्यामुळे धावपळ, हजारो घरं लिस्टवर आणि तपासणारी माणसं दोन. वर निकषही कडक केले, नऊपैकी किमान दोन बसले तरच डेझिग्नेशन. म्हणजे तुमचं घर लिस्टेड असेल तर एक दिवस पोस्टाने नोटीस येऊ शकते की आम्ही डेझिग्नेट करू इच्छितो. ती जंक मेल समजून फेकू नका, हरकत घ्यायला ३० दिवस असतात, पुढे ओंटारियो लँड ट्रायब्युनलकडे (जमिनींच्या वादांचं प्रांताचं न्यायाधिकरण) अपीलही करता येतं.

इन्शुरन्सचं म्हणाल तर डेझिग्नेशनमुळे तो वाढायचं कारण नाही, वाढतो तो जुन्या वायरिंगमुळे. तुमच्या भिंतीत अजून नॉब अँड ट्यूब, म्हणजे फार जुन्या पद्धतीचं, वायरिंग असेल तर कंपनी नाक मुरडणारच, हेरिटेज असो नसो. आणि एक गोड बातमी, डेझिग्नेटेड घरांना प्रॉपर्टी टॅक्समध्ये १० ते ४० टक्के सूट द्यायची मुभा म्युनिसिपालिटीला आहे. मुभा आहे, सक्ती नाही, काही गावं देतात काही नाही, पण त्या फोनमध्येच विचारून टाका.

प्रश्न : ग्रँड नदीजवळ आमचं घर आहे. बागेत खणताना मुलीला बाणाचं दगडी टोक मिळालं. तिला आता अख्खी बाग खणायचीय आणि तिचे बाबा मेटल डिटेक्टर घेऊन येतायत. (ब्रँटफर्ड)

बाबांना थांबवा. लायसन्स नसताना आर्किऑलॉजिकल साइट उकरणं किंवा तिथून वस्तू उचलून नेणं हा त्याच हेरिटेज ॲक्टखाली गुन्हा आहे आणि एका माणसाला ५०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आपली स्वतःची बाग असली तरी. सहज सापडलं यात तुमची काही चूक नाही. जिथे सापडलं तिथे खणणं बंद करा, जागेचा फोटो काढा आणि सिटिझनशिप अँड मल्टिकल्चरॅलिझम खात्याच्या आर्किऑलॉजीवाल्यांना कळवा. (हा एकच प्रश्न यात मंत्रालयाचा निघाला, आणि तोसुद्धा दुसऱ्याच मंत्रालयाचा!) हाड दिसलं आणि ते माणसाचं असेल अशी शंका जरी आली तरी हात न लावता पोलिसांना फोन.

मुलीचा उत्साह मात्र मारू नका. तुमचं घर ज्या नदीकाठी आहे तो काठ १७८४ च्या हाल्डिमंड प्रोक्लमेशन या ब्रिटिश जाहीरनाम्याने सिक्स नेशन्स या मूळनिवासी लोकांना दिलेल्या पट्ट्यातला, आणि त्याच्याही आधी हजारो वर्षं तिथे माणसं राहत होती, शिकार करत होती. ते टोक जमिनीतल्या ज्या थरात होतं तो थर त्याचं वय सांगतो, उचलून कपाटात ठेवलं की तो नुसता दगड. मुलीला हे सांगून बघा, मुलांना आपल्यापेक्षा लवकर पटतं.

प्रश्न : नायगराला पार्किंगला एवढे पैसे? आम्ही टॅक्स भरतो ना? (मिसिसागा)

भरता, पण तो तिथे जात नाही, हीच तर गंमत आहे. नायगरा पार्क्स कमिशन हे सरकारचंच, पण स्वतःच्या कमाईवर चालतं. पार्किंग, बोगद्यातून धबधब्यामागे नेणारी ती सफर, रेस्टॉरंट, दुकानं, त्यातूनच बागा, माळी आणि रस्ते. फोर्ट ईरीपासून नायगरा-ऑन-द-लेकपर्यंत नदीकाठचा सुमारे ५६ किलोमीटरचा पार्कवे त्यांच्याकडे आहे. मेणाचे पुतळे आणि भुताटकीच्या घरांचा क्लिफ्टन हिल हा खाजगी, त्याचा राग कमिशनवर काढू नका.

याच्या आधीची अवस्था वाचली की पार्किंगचा राग कमी होतो. एकोणिसाव्या शतकात धबधब्याच्या दोन्ही बाजूंना खाजगी लोकांनी कुंपणं घातली होती, पाणी बघायला पैसे, परत जायला वेगळे पैसे, टांगेवाले आणि फेरीवाले प्रवाशांना अक्षरशः लुटायचे. गव्हर्नर जनरल लॉर्ड डफरिन यांनी १८७८ मध्ये जाहीरपणे म्हटलं की इथे सार्वजनिक पार्क करा. १८८५ मध्ये कमिशन आलं, १८८८ मध्ये क्वीन व्हिक्टोरिया पार्क लोकांना खुला झाला. आणि हो, हे तेच डफरिन जे नंतर १८८४ ते १८८८ हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते, आपल्याकडच्या मुंबईच्या त्या प्रशिक्षण जहाजाला ज्यांचं नाव होतं तेच. टोरोंटोत डफरिन स्ट्रीटवर बसमध्ये ताटकळताना मला हे नेहमी आठवतं.

पैसे वाचवायचे तर गाडी लांब लावून चालत या. आणि खर्च करायचाच असेल तर १९०५ चं जुनं पॉवर स्टेशन बघा, २०२१ मध्ये लोकांसाठी उघडलं, खालचा बोगदा त्याच्या पुढच्या वर्षी. बोगद्याच्या टोकाला धबधब्याच्या पायथ्याशी बाहेर येता, तिथे माझे अहो पंधरा मिनिटं गप्प होते, हे आमच्याकडे विरळाच.

प्रश्न : आमचं मंडळ जुनं आहे, गणपती, दिवाळी, वर्षातून एक नाटक. दोन वर्षं सरकारी ग्रँटला अर्ज करतोय, दोन्ही वेळा रिजेक्ट. बाकीच्या कम्युनिटीजना मिळते, आपल्यालाच का नाही? (वॉटर्लू)

तुम्ही अर्जाची कॉपी पाठवलीत म्हणून बरं झालं, आता स्पष्ट बोलते, रागावू नका. अर्जात "आपली महान संस्कृती पुढच्या पिढीपर्यंत पोचवण्यासाठी" हे वाक्य चार वेळा आहे, आणि किती लोक येतात, हॉलचं भाडं किती, नाटक कोण बसवतंय, हे एकदाही नाही. वाचणाऱ्याने मार्क द्यायचे कशाला?

आणि दारही चुकलं. ओंटारियो आर्ट्स कौन्सिल १९६३ पासून आहे, ती मुख्यतः व्यावसायिक कलाकार आणि कलासंस्थांसाठी, अर्ज तपासायला बहुतेक ठिकाणी त्या त्या क्षेत्रातले कलाकारच बसतात. त्यांना तुमच्या मंडळाचं वय किती यात रस नाही, कला काय आहे यात आहे. मंडळाचं हौशी नाटक तिथे बसणार नाही. पण इथेच राहणारा एखादा अनुभवी दिग्दर्शक किंवा नृत्यांगना धरून मुलांबरोबर काही महिन्यांची कार्यशाळा आणि शेवटी प्रयोग असं केलंत, तर तसल्या समाजाबरोबरच्या कामांसाठी त्यांचे वेगळे कार्यक्रम असतात. ओंटारियो ट्रिलियम फाउंडेशन, १९८२ चं, हे लोकांच्या उपयोगाच्या कामाला पैसे देतं, एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी दर आठवड्याला भजन-गप्पा-व्यायाम असलं काही असेल तर ते यांचं काम. तुमच्याकडे आजी-आजोबा खूप आहेत, आणि जानेवारीत ते चार-चार दिवस घराबाहेर पडत नाहीत हे तुम्हीच पत्रात लिहिलंय, तो तुमचा खरा अर्ज! तिसरं दार एक्स्पीरियन्स ओंटारियो, फेस्टिवलसाठी, पण ते टुरिझमचे पैसे आहेत, म्हणजे बाहेरगावाहून लोक येणार, हॉटेलात राहणार, जेवणार हे दाखवावं लागतं. शाळेच्या जिममध्ये तीनशे मराठी माणसं आणि पुरणपोळी, यात टुरिस्ट कुठे?

पूजा, प्राणप्रतिष्ठा यांचा खर्च सरकारी अर्जात घालूच नका, धार्मिक विधीला पैसे मिळत नाहीत आणि त्यामुळे बाकीचा चांगला अर्जही बाजूला पडतो. ढोल-ताशाचं शिबिर, नाटक, मूर्ती घडवायची कार्यशाळा हे वेगळं काढा, त्याचं वेगळं बजेट करा, लाइटवाल्याचं आणि साउंडवाल्याचं कोटेशन जोडा. मंडळ नॉन-प्रॉफिट म्हणून रजिस्टर आहे ना हे बघा, मला पत्रावरून कळलं नाही. मागच्या वर्षांचे हिशोब नीट टाइप केलेले हवेत, खजिनदाराच्या वहीचा फोटो चालत नाही (हो, मी बघितला तो फोटो). आणि नकाराचं पत्र आलं की तिथल्या प्रोग्रॅम ऑफिसरला फोन करून विचारा कुठे कमी पडलो. दुसऱ्या कम्युनिटीज हेच करतात हो, बाकी काही गुपित नाही.

सुरुवात म्हणाल तर सिटीच्या छोट्या ग्रँटने करा, ती मिळाली की पुढच्या अर्जात लिहायला काहीतरी होतं.

प्रश्न : मुलगा १२ वर्षांचा, हॉकी खेळतो. दर वर्षी तेच कन्कशनचं (डोक्याला मार बसून मेंदूला होणारी इजा) वाचा आणि सही करा. आम्ही न वाचता सही करतो, काय फरक पडतो? (ओटावा)

तुमच्याच शहरातली गोष्ट आहे म्हणून सांगते. रोवन स्ट्रिंगर, १७ वर्षांची, शाळेच्या रग्बी टीमची कॅप्टन. मे २०१३ मध्ये काही दिवसांच्या अंतराने डोक्याला पुन्हापुन्हा मार बसला, आधीचा मेंदूचा मार बरा व्हायच्या आत पुढचा, आणि ती गेली. तिला स्वतःला शंका आली होती, तिने कन्कशनची लक्षणं गूगल करून बघितली होती, पण मोठ्यांपैकी कुणाला ते कळलं नाही. २०१५ मध्ये कॉरोनरची (मृत्यूचं कारण तपासणारा सरकारी अधिकारी) चौकशी झाली, ४९ शिफारशी आल्या, आणि मार्च २०१८ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला, रोवन्स लॉ. ती सही त्यातून आलीय.

२६ वर्षांखालचे खेळाडू, १८ खालच्यांचे आईबाप, कोच, सगळ्यांनी वर्षातून एकदा ती माहिती वाचायची. वयाप्रमाणे तीन वेगळ्या पुस्तिका आहेत, तुमच्या मुलाला ११ ते १४ वाली, दहा-पंधरा मिनिटांत होते. कन्कशनची शंका आली की खेळाडूला लगेच बाहेर काढायचं, आणि परत पूर्ण खेळायला डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनरचं पत्र. इथेच आपले लोक भांडतात, "अहो काही नाही झालं त्याला, शनिवारी फायनल आहे." कोचशी भांडू नका, कोच नियमाने वागतोय. वाचा, त्याच्याबरोबर बसून वाचा, आणि त्याला एवढं सांगा की डोकं दुखतंय, उजेड सहन होत नाही असं वाटलं तर आधी आम्हाला सांग, टीमला नंतर.

प्रश्न : सायन्स सेंटर बंद झालं तेव्हापासून नातू विचारतो कधी उघडणार. आम्ही त्याच्या वडिलांनाही तिथेच न्यायचो. (डॉन मिल्स)

जुन्या जागी नाही उघडणार असंच सरकारचं म्हणणं आहे, आजोबा. टोरोंटोच्या ओंटारियो सायन्स सेंटरची ती १९६९ मध्ये उघडलेली, आर्किटेक्ट रेमंड मोरियामा यांची इमारत, दरीच्या उतारावरून पायऱ्यापायऱ्यांनी खाली जाणारी. ते लेकशोअरला ओंटारियो प्लेसमध्ये हलवायचं हे एप्रिल २०२३ मध्येच जाहीर झालं होतं, पण २१ जून २०२४ ला एका दिवसात दारं बंद झाली, छताच्या हलक्या काँक्रीटच्या पॅनलांबद्दल इंजिनिअरांचा रिपोर्ट आला म्हणून. पॅनलांचा धोका खोटा नव्हता. पण धोक्याचे भाग बंद ठेवून दुरुस्ती करत जायचं, हाही रस्ता त्या रिपोर्टात होता, आणि तो का घेतला नाही याचं मला पटणारं उत्तर अजून मिळालेलं नाही. हे सगळं इन्फ्रास्ट्रक्चर मंत्रालयाने जाहीर केलं, कल्चरवाल्यांनी नाही, तेव्हा राग व्यक्त करायचा असेल तर तुमच्या एमपीपीच्या (प्रांताच्या विधिमंडळातला तुमचा आमदार) ऑफिसला जा, समोर बसा, मेल नको. तोपर्यंत नातवाला एकदा सडबरीला न्या, लांब आहे खरं, पण सायन्स नॉर्थ १९८४ चं आहे, खडकाच्या गुहेतून आत जायचं असतं, तो आठवडाभर तेच बोलेल.

प्रश्न : अल्गॉनक्विनचं कॅम्पिंग कधीच मिळत नाही, टुरिझम खात्यात ओळख आहे का? (स्कारबरो)

नाही, आणि असती तरी उपयोग नव्हता, प्रांतातले पार्क पर्यावरण खात्याकडे आहेत. बुकिंग पाच महिने आधी सकाळी सातला उघडतं. पावणेसातला लॉगिन करून बसा, चहा आधी करून ठेवा.